चिडवणाऱ्याला ऑस्कर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ या इंग्रजी विनोदी सिनेमावरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो. सौ. म्हणाली, सकाळपर्यंत थांबा, राग उतरला तर तेवढीच शाई वाचेल. उतरलेला नाही.

लेखकमहाशयांना सिनेमा आवडला याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही आवडतो, चार वेळा पाहिलाय. तक्रार आहे ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदाबद्दल. हा चोरचिलटांचा थिल्लर विनोद आहे, यात कुणी दुखावून घेण्यासारखे काही नाही, प्रेक्षकाने डोके घरी ठेवून जावे, असे ते म्हणतात. डोके घरी ठेवता येते हो. जीभ कुठे ठेवायची?

मी तोतरा आहे. (‘वाणीदोष असलेली व्यक्ती’ असे दुरुस्त करून छापू नये, ही विनंती.) माझे वैर मुख्यतः ‘क’शी. तरुणपणी कासारवाडीला राहायचो आणि पुणे स्टेशनच्या खिडकीवर पिंपरीचे तिकीट मागायचो. पुढच्या स्टेशनचे पैसे द्यायचे आणि अलीकडे उतरायचे. मागे रांग असताना ‘कासारवाडी’ म्हणणे म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. पास काढायला लागलो तेव्हा कागदावर लिहून देता येऊ लागले आणि सुटलो. गंमत म्हणजे गणपतीत आरतीला मीच पुढे असतो. ‘घालीन लोटांगण’ एका दमात. गाताना जीभ अडत नाही.

आता १९९०. कंपनीतल्या आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढून शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने आणला. दोन हिंदी कॅसेटी आणि एक इंग्रजी. इंग्रजी का, तर ‘त्यात तसले सीन आहेत’ अशी एकाची खात्रीलायक बातमी होती. तो इंग्रजी सिनेमा हा. ते लंडनचे कोर्ट, ते वकील, ते टोमणे, आमच्यातल्या निम्म्यांना काही कळत नव्हते. त्यातला तोतरा चोर केन मात्र पहिल्या वाक्याला सगळ्यांना कळला. तोतऱ्याला सबटायटल लागत नाही.

आधी सगळे टीव्हीकडे बघून हसत होते. मग एकेक मान वळायला लागली. एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्याकडे. मीही हसत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, कारण दुसरे काय करणार? पण तो शेवटाकडचा प्रसंग आला. केनला हॉटेलचे नाव सांगायचे आहे, वकिलाला घाई आहे, विमानाची वेळ होत आलीय. आणि हॉटेलचे नाव काय, तर कॅथकार्ट टॉवर्स! लंडनमध्ये ‘क’ सोडून दुसऱ्या अक्षराची हॉटेले नव्हती? वकील आधी समजुतीने घेतो, धीर देतो, मग त्याचा तोल सुटतो. मी त्या वेळी हसत नव्हतो. मी केनसाठी मनातल्या मनात तो शब्द म्हणत होतो आणि माझे ओठ हलत होते. ते एकाने पाहिले.

सोमवारी सकाळी गेटवर ‘के-के-केन’. पुढची एकवीस वर्षे तेच. नवी पोरे लागायची त्यांना माझे आडनाव केणी आहे असे वाटायचे. २०११ला निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात साहेब प्रेमाने ‘आपले केनसाहेब’ म्हणाले, टाळ्या पडल्या, मी शाल घेतली. प्रेमानेच म्हणाले, त्याबद्दल शंका नाही. भाषण करायचा आग्रह मात्र कुणी केला नाही.

लेखकमहाशयांनी त्या सिनेमाला प्रेक्षक कसे हसले याची वर्णने दिलीत. डेन्मार्कमधला तो कानांचा डॉक्टर १९८९मध्ये म्हणे थिएटरातच हसता हसता गेला. असेलही. पण प्रेक्षक कशाला हसले नाहीत, हे त्यांनी लिहिले नाही, ते मी लिहितो. केनला एका म्हाताऱ्या साक्षीदार बाईचा काटा काढायचा असतो आणि दर वेळी मरते तिचे एकेक कुत्रे. त्यातल्या एका मेलेल्या कुत्र्याची आतडी बाहेर आलेली दिसतील असे चित्रण आधी केले होते. सुरुवातीच्या चाचणी खेळांना तिथे थिएटर गप्प झाले. लगेच ते काढून टाकले. शेवटही प्रेक्षकांना रुचेल असा गोड केला. म्हणजे प्रेक्षक गप्प झाले की कात्री चालते. मग केनच्या नाकपुड्यांत बटाट्याच्या फोडी कोंबून त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे लाडके मासे खाल्ले, त्यावर का नाही चालली? कारण सगळे हसले. कुत्र्याच्या आतड्यांपुढे आमची जीभ काय!

पुढचे वाचा. त्याला छळणारा, चिडवणारा ओटो झालेल्या केव्हिन क्लाइनला ऑस्कर. केन झालेल्या मायकेल पॅलिनला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधले सिनेमाचे बक्षीस. चिडवणाऱ्याला हॉलिवूडचे बक्षीस, चिडवून घेणाऱ्याला घरचे.

डोके घरी ठेवून बघण्याचा सिनेमा म्हणता, तर लिहिणारा जॉन क्लीझ केंब्रिजचा कायद्याचा पदवीधर आणि पॅलिन ऑक्सफर्डला इतिहास शिकलेला. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन पंच्याहत्तरी ओलांडलेले. १९५१मध्ये सोन्याच्या चोरीवरचा गाजलेला विनोदी सिनेमा त्यांनीच केला होता. यातल्या एकानेही डोके घरी ठेवले नव्हते.

पॅलिनबद्दल मात्र वाईट लिहिणार नाही. त्यांचे वडील तोतरे होते, आणि ते केनमध्ये दिसतात. नुसता आवाज अडत नाही, मानही अडते, डोळेही अडतात. तिकडच्या तोतऱ्या लोकांनी निषेध केला तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, आणि १९९३मध्ये लंडनमध्ये अशा मुलांसाठी जे केंद्र निघाले त्याला आपले नाव दिले. आमच्या कंपनीतल्या एकाने निदान चहा तरी पाजायचा. फक्त एक पटले नाही. ओटोवर रोडरोलर घातल्याबरोबर केनचा तोतरेपणा जातो. असा जात नाही. मी एकवीस वर्षे मनातल्या मनात बऱ्याच जणांवर घातला.

आणि एक. हे सगळे लिहून कळवण्याआधी आज सकाळी तुमच्या कार्यालयात फोन केला होता. लेखकांशी दोन मिनिटे बोलावे म्हणून. पलीकडच्या ताई पहिल्यांदा ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘काका, सकाळी सकाळी घेऊन फोन करत जाऊ नका.’ मी आयुष्यात घेतलेली नाही. ‘काका’ मात्र काय झोकात म्हणाल्या, दोन्ही ‘क’ सलग!

माझे मागचे पत्र, सार्वजनिक नळाबद्दलचे, तुम्ही चार ओळींवर आणले होते आणि नळ कुठला तेच गाळले होते. या वेळी जागा कमी पडलीच, तर कुत्र्यांचा परिच्छेद काढा. तशी पद्धत आहेच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कासारवाडी