सॅक, पोतं आणि गोळा

वाळवा, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

१५ किलोची सॅक लावून रोज अजिंक्यताऱ्याचा चढ पळतेस म्हणालीस. ते आधी थांबव. ओझं घेऊन चालायचं असतं. उतारावर तर पळूच नकोस, प्रत्येक पावलाचा दणका नडगीत आणि गुडघ्यात जातो. तुझं वजन ५२, तेव्हा सॅक ५ किलोची, आठवड्यातून एकदा, ४ किलोमीटर. दोन आठवडे काही दुखलं नाही तर एक किलो वाढव नाहीतर एक किलोमीटर. दोन्ही एकदम नको. पोलीस भरतीत तुला ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा आहे, सॅकला गुण नाहीत. ती पुढच्या बंदोबस्तासाठी, तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या पाठीसाठी. १० किलो पुष्कळ झाले.

सॅकच्या तळाशी चादर कोंब आणि वाळूची पिशवी तिच्यावर, खांद्याच्या पात्यांमध्ये, पाठीला चिकटून ठेव. वजन खाली गेलं की सॅक मागं ओढते, मग माणूस कमरेत वाकतो आणि मान पुढं काढतो. हाताला मुंग्या आल्या तर पट्टा काखेपाशी दाबतोय, तो सैल कर.

नडगी बोटानं दाबून बघ. आतल्या कडेनं वीतभर दुखत असेल तर दोन आठवडे पळणं निम्म्यावर आण. पण रुपयाएवढ्या एकाच जागी हाड ठणकत असेल, रात्रीही दुखत असेल, तर पळणं बंद आणि थेट हाडांचा डॉक्टर. बारीक तडा सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला की लगेच मैदानावर जाऊ नकोस. आणि पाळी चुकली तर लपवू नकोस गं. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी जाते, मागोमाग हाडं कच्ची होतात.

आता अंगात ताकद यावी म्हणून उचलायचं वाळूचं पोतं. जिमची फी भरू नकोस. कोरडी वाळू १०-१० किलोच्या दोन जाड पिशव्यांत भर, पिशव्यांची तोंडं सैल ठेवून बांध आणि दोन्ही धुतलेल्या पोत्यात घाल. पोत्याचा तिसरा हिस्सा रिकामा राहू दे. गच्च भरलं की धरायला जागा उरत नाही आणि आपटलं की शिवण उसवते. ओली वाळू नको, वजनाचा अंदाज चुकतो. वाळू आत हलत राहते, म्हणून हे २० किलो लोखंडाच्या २० किलोंपेक्षा जड वाटतात.

मोळी डोक्यावर चढवायला दुसरं माणूस येतं; पोतं एकटीनं उचलायचंय. पाय पोत्याला भिडव, ढुंगण मागं ने, पाठ सरळ ठेव, श्वास पोटात धर आणि टाचांनी जमीन दाब. आधी मांडीवर घे, मग छातीशी. उचलता उचलता वळू नकोस, कंबर तिथंच धरते. पाच वेळा उचललं की एक फेरी, अशा चार, मध्ये दोन मिनिटं विसावा. सोमवारी आणि गुरुवारी. अजून दोनदा उचलता आलं असतं असं वाटतं तिथंच थांब.

तुमचे सर मन कणखर व्हावं म्हणून उलटी होईपर्यंत पळवतात. मला ते पटत नाही. त्यानं फक्त दुसऱ्या दिवशीचं पळणं बिघडतं. त्यापेक्षा शनिवारी एवढं कर: पोतं छातीशी धरून ४० मीटर चाल, खाली ठेव, लगेच गोळा उचल. चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड, असं दोनदा. मग फेक. दमलेल्या हाताचं कोपर खाली पडतं, गोळा मानेपासून सुटतो आणि चेंडूसारखा फेकला जातो. कोपर दुखतं ते त्यानंच. अशा सहा फेका. वहीत दोन आकडे लिही, ताजी असतानाची फेक आणि दमल्यावरची. त्यांच्यातलं अंतर दर शनिवारी किती राहतं ते मला हवंय.

खाण्यात रोज ८० ग्रॅम प्रथिनं बसव. चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे मिळून पन्नासेक ग्रॅम होतात, बाकीची मटकीच्या उसळीतून, डाळ-भाकरीतून. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही.

मंगळवारच्या एसटीनं शेंगदाण्याचे लाडू धाडते, स्टँडवर वेळेत जा. घरी येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझी,
आई