मिरचीच्या पाकिटावर चिकटवलेली तारीख: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता व ग्राहकसेवा विभाग

विषय: ‘उन्हाळी परसबाग किट’मधलं मिरचीचं मेलेलं बियाणं, न धुतलेलं कोकोपीट आणि पाकिटावरची बदललेली तारीख

आज दुपारी तुमच्या ग्राहकसेवेने माझी तक्रार ‘निकाली’ असा शिक्का मारून बंद केली. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. ऑर्डरची पावती, पाकिटांचे फोटो आणि चाचणीचे आकडे सोबत जोडले आहेत.

आधी मिरची. पाकिटावर ‘पुसा ज्वाला’, ५० बिया, उगवणशक्ती किमान ७५ टक्के असं छापलं आहे. त्यातल्या २५ बिया ओल्या टिश्यूपेपरच्या घडीत, झाकणाच्या डब्यात, २८ ते ३० अंशांच्या खोलीत ठेवल्या. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी केली. मिरचीच्या उगवण चाचणीची पहिली आणि शेवटची मोजणी याच दिवशी करतात, हे तुमच्या प्रयोगशाळेला माहीत असणारच. चौदाव्या दिवशी कोंब आलेल्या बिया ३. म्हणजे १२ टक्के. त्याच डब्यात, तशाच दुसऱ्या घडीत, यंदाच्या वाळलेल्या मिरचीतून काढलेल्या घरच्या २५ बिया होत्या. त्यातल्या २१ रुजल्या. पाणी तेच, कागद तोच, खोली तीच.

राहिलेल्या तुमच्या २२ बिया सुप्तावस्थेत असतील, असं कुणी सांगू नये. सुप्त बी चौदा दिवसांनीही टणक राहतं. या बिया चिमटीत धरल्या की दबून आतून पिठूळ पाणी येत होतं आणि निम्म्यांवर करडी बुरशी चढली होती. कोरडं असतानाच बियाणं तपकिरी पडलेलं होतं. ताजं मिरचीचं बी फिकट पिवळं, चकचकीत असतं. पाकीट भरणाऱ्या माणसाला हे नुसत्या नजरेला दिसायला हवं होतं.

आता तारीख. पाकिटाच्या मागे ‘पॅकिंग: मार्च २०२५’ असं पांढरं स्टिकर आहे. ते वाफेवर धरून सोडवलं तर खाली तुमच्याच छपाईत ‘पॅकिंग: ऑगस्ट २०२३’ निघालं. फोटो क्रमांक ४ आणि ५ पाहा. लॉट क्रमांक दोन्हीकडे एकच आहे. जुनं बियाणं नव्याने तपासून विकायला हरकत नाही, पण मग नव्या चाचणीची तारीख छापा. तुमच्या पाकिटावर चाचणीची तारीख कुठेच नाही. पाकीट कधी भरलं यावरून बी जिवंत आहे की नाही ते कळत नाही, ते चाचणीवरून कळतं. चाचणीच्या तारखेपासून ९ महिन्यांची मुदत असते, हे बियाणं विकणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायची गरज नाही. मिरचीसाठी किमान उगवणशक्तीचं मानकच ६० टक्के आहे. तुम्ही छापलं ७५ आणि निघालं १२.

कारणही उघड आहे. कांदा आणि मिरची यांचं बियाणं दमट हवेत लवकर म्हातारं होतं. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून हवाबंद पाकिटात मिरचीचं बी ६ टक्क्यांपर्यंत वाळवून भरतात. पूर्वी तुमची पाकिटं ॲल्युमिनियमच्या अस्तराची यायची, आत सिलबंद, बाहेर लॉट आणि चाचणी दोन्ही छापलेलं. आता पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, वर स्टेपलरची पिन आणि पिनेची दोन भोकं. या पिशवीतून दोन पावसाळ्यांची दमट हवा आत-बाहेर झाली आहे. फक्त तुमच्या नावावर विश्वास ठेवून बी घेणारे माझ्यासारखे बरेच आहेत. तो विश्वास अस्तराच्या त्या पाकिटाने कमावला होता.

दुसरी गोष्ट कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, चकत्यांची. पाकिटावर ‘धुतलेलं, वापरायला तयार’ असं लिहिलंय. चकती फुगवून पिळलेल्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, २.६ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर आला. माझ्या नळाच्या पाण्याचा ०.२ आहे. रोपांसाठी हा आकडा १ च्या आत हवा. त्यात मेथी टाकली तर रुजली, पण मुळांची टोकं तपकिरी होऊन रोपं तिथेच थांबली. ट्रेच्या कडेला मिठासारखी पांढरी पुटं चढली. त्याच चकत्या तीन पाण्यांनी धुऊन पिळल्या, ईसी ०.५ वर आला आणि मेथी सरळ वाढली. किनाऱ्यालगत नारळाच्या सोडणाचा काथ्या काढताना सोडण मचूळ पाण्यात कुजवतात. शिवाय सोडणातच पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात. म्हणून कोकोपीट गोड्या पाण्याने धुवायचं आणि शक्य तर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा धुवायचं. ते केलं नसेल तर ‘धुतलेलं’ हा शब्द पाकिटावरून काढा.

आणि तुमच्या छापील सूचना. बारा पाकिटांवर एकच ओळ: ‘अर्धा इंच खोल पेरा, रोज पाणी द्या, उन्हात ठेवा, ७ दिवसांत उगवेल.’ पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया असतात आणि त्यांना रुजायला उजेड लागतो. त्या कोकोपीटवर नुसत्या भुरभुरायच्या, वर काही टाकायचं नाही, पाणी बारीक फवाऱ्याने. अर्धा इंच खाली त्या गाडल्या तर एकही वर येणार नाही. पॅन्सीचं उलट आहे, तिला अंधार आणि १८ ते २० अंश लागतात. कारल्याच्या बीचं कवच इतकं जाड की रात्रभर तरी भिजवल्याशिवाय पेरू नये. धन्याचं एक फळ म्हणजे दोन बिया, ते आधी हलकं रगडून दोन फाकी करायच्या आणि मग भिजवायचे. मिरचीला उबदार जागेतही आठ ते बारा दिवस लागतात, त्यामुळे सातव्या दिवशी ट्रे फेकून देणारा माणूस तुमच्याच सूचनेमुळे फेकतो. आणि ‘रोज पाणी’ हा सल्ला तर रोपं कोलमडवणारा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल एवढीच ओल ठेवायची, त्याहून जास्त ओल राहिली की पिथियमसारख्या बुरशीने रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. कोंब वर येईपर्यंत काळा ट्रे भर उन्हात ठेवायचा नसतो, सावलीत झाकून ठेवायचा. कोंब दिसले की त्याच दिवशी झाकण काढून उजेडात आणायचा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात.

बरं, उन्हाळी किटमध्ये लेट्यूस आणि पॅन्सी घातलेत तरी का? लेट्यूसचं बी ३० अंशांच्या वर झोपी जातं, ते मेमध्ये महाराष्ट्रात कुठल्या गॅलरीत उगवणार? ही दोन्ही पाकिटं ऑक्टोबरात विकायची.

हे सगळं मी फोनवर सांगितलं होतं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात ना, मग आजचा कॉल स्वतः ऐका. प्रतिनिधीने विचारलं, “मॅडम, रोपाचा फोटो अपलोड केला का?” मी म्हटलं, रोप आलंच नाही, हीच तक्रार आहे. “हो मॅडम, पण सिस्टिममध्ये रोपाचा फोटो लागतो, त्याशिवाय तिकीट पुढे जात नाही.” न रुजलेल्या बियांचे फोटो पाठवलेत, असं सांगितलं. “त्यात रोप दिसत नाहीये मॅडम, म्हणून रिजेक्ट झालं.” मी वरिष्ठांना द्या म्हटलं. वरिष्ठ म्हणाले, “पाणी जास्त झालं असेल.” आधीच्या कॉलवर तुमचेच दुसरे गृहस्थ पाणी कमी पडलं म्हणाले होते. मी दोन्ही घड्यांच्या चाचणीचे आकडे वाचून दाखवले. ते ऐकून घेतल्यावर उत्तर आलं, “हे बघा, बी जिवंत असतं, गॅरंटी कोण देणार? काही जणांच्या हाताला झाडं लागतच नाहीत. तुम्ही आमची तयार रोपं घ्या, १० टक्के सूट देतो.” आणि फोन ठेवायच्या आत ‘तक्रार निकाली’ असा मेसेज.

‘हाताला झाडं लागत नाहीत.’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. पहिल्यांदाच कुंडीत काही पेरणारी माणसं तुमचं हे किट घेतात. शाळकरी मुलं घेतात. त्यांच्याकडे ईसी मीटर नसतो, तुलनेला घरचं बियाणं नसतं. मेलेलं बी पेरून ती स्वतःलाच दोष देतात आणि पुन्हा कधी पेरत नाहीत. बियाणं विकणाऱ्या कंपनीने हे करावं, याचा मला राग आहे आणि त्याहून जास्त वाईट वाटलं आहे. पाकिटावरची तारीख माझ्या हातामुळे बदललेली नाही.

मला हवं ते असं. त्या लॉटचा उगवण चाचणीचा अहवाल, तारखेसह. किटची पूर्ण रक्कम परत, कूपन नको. तो लॉट बाजारातून मागे घेतल्याचं लेखी पत्र. आणि पुढच्या छपाईपासून प्रत्येक पाकिटावर त्या-त्या पिकाची पेरणीची खोली, तापमान, दिवस आणि चाचणीची तारीख.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मिरचीचं एक न उघडलेलं पाकीट स्टिकरसकट बियाणे निरीक्षकांकडे जाईल. बियाणे कायदा १९६६ खाली लेबलबद्दलचा जाब त्यांना द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ती मी राहते त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बियाण्याला बियाणे कायदा लागू आहे म्हणून ग्राहक न्यायालयात येता येत नाही, असा युक्तिवाद तुमचे वकील करतील, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात तो फेटाळला आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

रोपाचा फोटो मागणारा मेसेज पुन्हा पाठवू नये.

तुमची आतापर्यंतची नियमित ग्राहक,
पुणे

सोबत: पावतीची प्रत, पाकिटांचे व चाचणीचे फोटो, मोजणीचा तक्ता