बाबा, पहिलं भजन ह्याच रविवारी पाठवा

आई, बाबा,

सलाम.

रविवारी फोनवर सगळं एका दमात बोलून टाकलं, मग बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. बाबा ओरडले असते तरी चाललं असतं. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव त्यांना हे, चष्म्याचा नंबर त्यांनी अजून बदलून घेतलेला नसणारच.

जर्मनीतल्या ल्युबेकच्या संगीत कॉलेजची अ‍ॅडमिशन पक्की आहे. मी हो म्हणून कळवलं, राजीनामा दिला, व्हिसाचंही मार्गी लागलं, सप्टेंबरच्या शेवटी निघायचंय. आणि जूनमध्ये ऑफिसच्या कामानं जर्मनीला जाते म्हणून सांगितलं होतं ना, ते खोटं होतं, मी प्रवेशपरीक्षेला गेले होते. हे लिहिताना पण हात थरथरू लागलाय. आयुष्यात तुमच्याशी एवढं मोठं खोटं कधी बोलले नाही. आधी विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते आणि बाबा नको म्हणाले असते तर माझ्यानं गेलंच नसतं, एवढंच कारण आहे. माफ करा मला.

बाबा, तुम्ही म्हणालात, "पेटी शिकायला जर्मनीला काहून जायचं?" त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही, आता देते.

हा चार वर्षांचा कोर्स आहे, चर्च म्युझिकची डिग्री. ऑर्गन, म्हणजे चर्चमधली ती मोठी पाइपांची पेटी, तर आहेच, पण त्याच्यासोबत क्वायर, म्हणजे गाणारा संघ, चालवायला शिकवतात, गाणं, पियानो, लहान लेकरांचा क्वायर कसा घ्यायचा, उपासनेचा क्रम, भजनांचा इतिहास, आणि जागच्या जागी एखाद्या चालीवर वाजवत जाणं, म्हणजे पाळकसाहेब वेदीपर्यंत पोचेस्तोवर तुम्ही पेटीवर जे करत राहता ना, तेच. त्याला तिथं वेगळे मार्क आहेत बाबा! तिकडं हे पगारी काम आहे. चर्चचे सभासद जेवढा इन्कम टॅक्स भरतात त्याच्या ८ किंवा ९ टक्के चर्चचा कर वेगळा भरतात, त्यातून पाळकांसारखाच संगीतवाल्याचाही पगार निघतो. तुम्ही तीस वर्षं वाजवलंत, एक रुपया घेतला नाही, उलट तबलजीच्या चहाचे पैसे पण तुमच्याच खिशातून. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ती तुमची सेवा होती आणि तुमची सेवा पाहूनच मी ह्या वाटेला लागले. पण हे काम शिकायचं असतं, त्याला उमर द्यावी लागते, असं मानणारी जागा जगात आहे हे कळल्यावर मला गप बसवलं नाही.

परीक्षेत शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या मनातली कुठलीही चाल घ्या आणि त्यावर वाजवा. माझ्या डोक्यात एकदम आजोबांचं जालन्याजवळच्या बेथेलमधलं घर आलं आणि मी ना. वा. टिळकांचं भजन घेतलं, तुमच्या चालीतलं, ते भैरवीतलं. आधी नुसती चाल एका हातानं, मग खाली पायांनी षड्ज धरून ठेवला. ऑर्गनला पायांसाठी पण पट्ट्या असतात, त्याचे पातळ तळव्याचे वेगळे बूट मिळतात, माझे अजून नवे आहेत म्हणून करकरतात. परीक्षक बाई नंतर म्हणाल्या, ही चाल कुठं लिहिलेली मिळेल? मी म्हटलं, कुठंच नाही, माझ्या बाबांना येते.

दुसऱ्या दिवशी मारियनकिर्खं म्हणून तिथलं मोठं चर्च पाहिलं. बाख, तो मोठा जर्मन संगीतकार, २० वर्षांचा असताना १७०५ साली आर्नश्टाट गावाहून चारेकशे किलोमीटर पायी चालत तिथं गेला होता, बुक्सटहुडे नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याला ऐकायला. चारशे म्हणजे जालन्याहून मुंबईला पायी गेल्यासारखं. नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला चालत जाते तसाच गेला असेल, त्याला पण दर्शनच घ्यायचं होतं. सुट्टी चार आठवड्यांची मागितली आणि राहिला जवळपास चार महिने, परत गेल्यावर बोलणी खाल्ली. आई, आता तू लगेच म्हणशील, ही पण तशीच राहून जाईल. नाही गं माय. मी परत येणार आहे.

त्याच चर्चच्या मनोऱ्याखाली दोन फुटलेल्या घंटा पडलेल्या आहेत. १९४२ साली, महायुद्धात, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री बॉम्ब पडले, आग लागली, घंटा वरून कोसळल्या, आणि त्यांनी त्या तशाच जमिनीत रुतलेल्या ठेवल्यात. बाखच्या काळापासूनचा तिथला लहान ऑर्गनही त्या आगीत गेला. मी तिथं बराच वेळ उभी राहिले आणि मला आपल्या चर्चमधली कोपऱ्यातली पेटी दिसू लागली, कापड टाकलेली. बाबा, त्या नाताळाचं मी कधी बोलले नाही तुमच्याशी. कुणी मुद्दाम केलं नाही हो ते, पोरांना कीबोर्ड आणि ट्रॅक सोपा वाटतो, त्यांना कुणी दुसरं शिकवलंच नाही. पण तुम्ही त्या दिवशी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होतात ते मी पाहिलंय.

जवळच याकोबी चर्चमध्ये एक जुना ऑर्गन वाचलाय, १६३६-३७ च्या सुमाराला श्टेलवागन नावाच्या कारागिरानं वाढवून बांधलेला. पूर्वी ऑर्गनला वीज नसायची, मागं माणूस उभा राहून पायानं भाते दाबायचा, तो थांबला की सूर बंद. हे ऐकलं आणि मी सात वर्षांची झाले. तुमच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, उन्हाळाभर मी भाता मारायचे आणि तुम्ही एका हातानं वाजवायचे, मी दमले की सूर बसायचा आणि तुम्ही न रागावता थांबायचे. आई ओसरीत शेंगदाण्याची चटणी कुटत बसायची आणि मधेच कडवं धरायची. मला ऑर्गन तिथूनच आला आहे बाबा, पुण्याच्या क्लासमधून नाही.

पैशाची चिंता तर अजिबात करू नका. तिथल्या सरकारी कॉलेजला फी नाही, सहामाहीचा थोडासा आकार असतो. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात आधीच दाखवावे लागतात, साधारण अकरा-बारा लाख, ते माझ्या सहा वर्षांच्या नोकरीचे आहेत, तुमच्या एफडीला हात लावलेला नाही. शिवाय विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. खोलीत हीटर आहे, किचन आहे. आई, ज्वारीचं पीठ मी इथूनच नेणार, येसर तू करून दे, एक किलो पुरे, पाच किलो बांधू नकोस. डिसेंबरात तिथं चार वाजताच अंधार पडतो म्हणतात, पण मी थर्मल घेतलेत, कानटोपी घेतली, आजीची शाल पण नेते. लग्नाचं आत्ता नको ना काढूस. आत्याला काय सांगायचं ते मी सांगते.

आता माझं ऐका. बाबा, सकाळची शुगरची गोळी चहाच्या आधी, मागच्या वेळी डबीत मंगळवारची तशीच राहिली होती. तीन महिन्यांची शुगर ह्या महिन्यात करायचीच, रिपोर्टचा फोटो मला आणि दादाला दोघांना पाठवा. आई, गुडघा दुखत असताना नळाला पाणी आलं की घागरी उचलायच्या नाहीत, मोटर लाव, पाइप लाव, दादा दर दुसऱ्या शनिवारी वाळूजहून येणार आहे, जड काम त्याच्यासाठी ठेव. रात्री बाथरूमला जाताना लाइट लावायचा, बिल मी भरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'उपासना संगीत' ह्या आपल्या भजनांच्या पुस्तकात शब्द आहेत, पण आपल्याकडच्या किती चाली फक्त तुमच्याच तोंडात आहेत. तुम्ही म्हणाल, आपल्या भजनांना तो अवजड ऑर्गन कशाला. ऑर्गन लावायचा की पेटी ते नंतर ठरवू, पण चाली आधी कागदावर यायला पाहिजेत, तुमच्या नावासकट. ते काम मी करणार आहे, तिथं शिकता शिकता. म्हणून दर रविवारी उपासनेनंतर एक भजन मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवायचं. त्यातली सगळी कडवी, गाळायची नाहीत. खोकला आला तरी चालेल, सूर बसला तरी चालेल.

पेटीचे दोन सूर बसलेत ना, संभाजीनगरला दुरुस्तीवाल्याशी बोलले आहे, दादा शनिवारी घेऊन जाईल. तोपर्यंत चर्चमधली ती कापडाखालची काढा, पाळकसाहेबांना मी फोन केलाय, ते हो म्हणाले.

पहिलं भजन भैरवीतलंच पाठवा. टाळ आईनं धरायची. भाता मारायला शेजारचं लेकरू बोलवा, हात दुखवून घेऊ नका.

तुमची,
पिंकी