पगारातले दोनशे रुपये आणि 'बाहेरचे' : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या एका कंपनीत मी पगारपत्रकं करते. बहुतेकांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे 'पीटी') कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. मग कोणीतरी टेबलाशी येतंच, "मॅडम, पीटी शंभरने वाढला का?" वर्षाचे अडीच हजार जुळवायला, एवढं सांगून मी मोकळी होते. हा पैसा जातो कुठे, हे कोणी विचारत नाही. सरकारही आपणहून सांगत नाही.

हा कर आला तो दुष्काळाच्या पाठोपाठ. १९७२ साली पाऊस रुसला आणि मे १९७३ पर्यंत दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. बाया पोरांना झोळीत टाकून मस्टरवर अंगठा उठवत होत्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला कायमचा पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. हमीचा कायदा १९७७ चा.

कर भरणारे कोण होते ते बघा. मुंबईतले गुजराती पेढीवाले, तमिळ स्टेनो, मल्याळी टायपिस्ट, सिंधी, पारशी आणि अर्थात आपले गिरगाव-दादरकर. त्यातल्या कित्येकांनी मराठवाडा नकाशावरच पाहिला असेल. बरं, शहरात तेव्हा गोडीगुलाबी होती म्हणावं तर दाक्षिणात्यांविरुद्धची आंदोलनं अजून ताजी होती. तरी कर लागला आणि टिकला. दुष्काळी माणसांचे लोंढे शहरावर येऊ नयेत हा स्वार्थही त्यात होता, नाही असं नाही.

अमेरिकेतल्या कल्याणकारी योजना युरोपापेक्षा तोकड्या असण्यामागे वांशिक वैविध्य हे एक मोठं कारण आहे, अशी मांडणी आल्बर्तो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये केली. घेणारा 'आपल्यातला' वाटला नाही की देणाऱ्याचा हात आखडतो, असा त्याचा अर्थ. तिकडे ते खरं असेलही. मला रोजगार हमीचं वेगळेपण दिसतं ते तिच्या रचनेत. मागेल त्याला काम. जात नाही, भाषा नाही. आणि भर उन्हात खडी फोडणाऱ्याला फुकटखाऊ म्हणायला जीभ रेटत नाही.

आज चित्र उलटं आहे. तेव्हा 'बाहेरचे' देणारे होते, आता ते घेणारेही आहेत. 'एक देश, एक रेशन कार्ड' ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. तरी बिहारच्या मजुराने इथल्या दुकानात पाच किलो धान्य उचललं की आमच्याच ऑफिसात कुजबुज होते, "आपलं रेशन हे खातात." हे धान्य त्याच्या स्वतःच्या कार्डावरचं, केंद्राच्या कायद्याने ठरलेलं. गावी उचललं काय नि इथे उचललं काय, हक्क एकदाच मिळतो. हे कुजबुजणाऱ्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणून दोन मागण्या. व्यवसाय कर किती जमला आणि त्यातला रोजगार हमीवर किती खर्च झाला, हे दर अर्थसंकल्पी भाषणात तालुक्यांची नावं घेऊन सांगा. आणि नव्या योजनेत महाराष्ट्रातल्या जन्माच्या दाखल्याची अट घालायची वेळ आली, तर फाइलवर सही करण्यापूर्वी १९७५ च्या करदात्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

आपली,
एक पगार-कारकून, मुंबई