नॅनोमीटर नको, खर्च सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या प्रोसेसरची बातमी आली की ‘मूरचा नियम संपला का?’ हा प्रश्न ठरलेला, आणि चर्चा अणूच्या आकारापाशी जाऊन थांबते. पुढे इंटेलचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांचा १९६५ चा लेख मुळात खर्चाविषयी होता. एका चिपवर किती घटक बसवले की एकेक घटक सर्वांत स्वस्त पडतो, हा त्यांचा हिशेब. ती संख्या दरवर्षी दुप्पट होते, हे निरीक्षण; त्यालाच पुढे ‘मूरचा नियम’ म्हणू लागले. १९७५ मध्ये त्यांनीच ही मुदत दोन वर्षांवर नेली. म्हणून ट्रान्झिस्टर (चिपवरचा मुख्य घटक, एक सूक्ष्म विद्युत स्विच) लहान होतो का, याआधी लहान झाल्यावर तो स्वस्त पडतो का, हे विचारायला हवे.

इथेच घोडे पेंड खाते. चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर आणि नंतरच्या ‘एन३ई’ या ३ नॅनोमीटर प्रक्रियेत कॅश मेमरीच्या (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान स्मृतीच्या) एका बिटला लागणारी जागा तेवढीच राहिली, ०.०२१ चौरस मायक्रॉन. वेफरचा, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिचा दर मात्र वाढला. आजच्या प्रोसेसरचा मोठा भाग कॅशनेच व्यापलेला असतो, म्हणजे तेवढ्या भागापुरते पैसे जास्त आणि जागेची बचत शून्य. (‘३ नॅनोमीटर’ हे तर निव्वळ नाव! शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरच्या गेटमधले (चालू-बंद करणाऱ्या भागांमधले) अंतर चाळीस नॅनोमीटरहून अधिकच असते.)

दर का वाढतो? इतक्या बारीक रेषा छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो मिळवण्यासाठी वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेसर मारावा लागतो. हा प्रकाश हवा आणि काच दोन्ही शोषून घेतात, त्यामुळे सगळे काम निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांवर चालते. एक आरसा जेमतेम ७० टक्के प्रकाश परत पाठवतो. असे दहा आरसे ओलांडल्यावर उरतो तीन टक्क्यांहून कमी. अशी यंत्रे बनवणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि एका यंत्राची किंमत दहा कोटी डॉलरच्या बरीच वर. ग्लोबलफाउंड्रीज या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचे काम थांबवले, त्यामागे भौतिकशास्त्राची अडचण नव्हती. हा खर्च भरून निघेल इतके ग्राहक दिसत नव्हते.

त्यात भर दोषांची. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष धरला, तर एक चौरस सेंटिमीटरच्या सुमारे ९० टक्के चिप चांगल्या निघतात. आठ चौरस सेंटिमीटरच्या फक्त ४५ टक्के. म्हणून तर एएमडी या प्रोसेसर कंपनीने २०१९ मध्ये गणनेचे छोटे तुकडे ७ नॅनोमीटरवर आणि इनपुट-आउटपुटचा (बाहेरच्या भागांशी माहितीची देवाणघेवाण करणारा) तुकडा जुन्या, स्वस्त प्रक्रियेवर बनवून एकाच पॅकेजात जोडले. हुशारी खरी, पण तुकडे जोडण्याचा आणि आधीच तपासून घेण्याचा खर्च वेगळा. शिवाय तुकड्यांमधून माहितीची ने-आण करायला वीज जास्त लागते, वेळही जातो.

प्रोसेसरच्या घड्याळाच्या वेगाची, म्हणजे तो सेकंदाला किती ठोके घेतो याची गोष्ट जुनीच. २००४ मध्ये इंटेलच्या पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. आज कमाल सहाच्या आसपास, तीही एक-दोन कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांवर), थोडा वेळ. कोअर वाढवूनही मर्यादा सुटत नाही: कामाचा पाच टक्के भाग एकापाठोपाठच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग वीसपटीपुढे जात नाही.

तेव्हा आपल्या तंत्रज्ञान पानावर नव्या चिपची बातमी देताना नॅनोमीटरच्या जोडीला चिपचे क्षेत्रफळ, ट्रान्झिस्टरची संख्या, एका वॅटमागे होणारे काम आणि त्याच दर्जाच्या मागच्या चिपची किंमत, एवढे चार आकडे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक