विधेयकाचा नंबर छापा हो

संपादक साहेब, नमस्कार.

अधिवेशन सुरू झालं की पेपरात रोजची एक बातमी ठरलेली, 'अमुक विधेयक मंजूर', आणि खाली कोण कोणावर ओरडलं, कोणी सभात्याग केला, पायऱ्यांवर कोणी कसले फलक धरले हे सगळं असतं, फक्त त्या विधेयकाचा नंबर नसतो. माझी तक्रार एवढीच. 'सन २०२५ चे विधानसभा विधेयक क्रमांक इतके', अर्ध्या ओळीत मावतं. नंबर आणि साल हातात असलं की विधिमंडळाच्या वेबसाइटवर मूळ मसुद्याची पीडीएफ शोधता येते, नाहीतर 'महाराष्ट्र अमुक (सुधारणा) विधेयक' अशा जुळ्या भावंडांसारख्या नावांतून आपलं कुठलं ते ओळखत बसायचं. साल पण हवंच, कारण नंबर दरवर्षी नव्याने सुरू होतात, आणि विधान परिषदेत मांडलेल्या विधेयकांचे नंबर परत वेगळे.

मी आता पीडीएफ शेवटाकडून वाचतो. तिथे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, म्हणजे हे का आणलं ते सरकार साध्या भाषेत सांगतं (सरकारी मानाने साध्या). त्याच्या जवळपासच प्रत्यायुक्त विधिविधानाचं ज्ञापन असतं, नाव वाचूनच माणूस पळून जाईल, पण मला विचाराल तर खरी मेख तिथेच असते, कारण नंतर नियम करून काय काय ठरवायचे अधिकार सरकार स्वतःकडे घेतंय ते त्यात लिहिलेलं असतं. मसुद्यात 'विहित करण्यात येईल' असं दिसलं की समजायचं, फी किती, मुदत किती हे आज सभागृहात ठरतच नाहीये. आणि सुधारणा विधेयक असेल तर मूळ कायदा शेजारी उघडून ठेवा, नाहीतर 'या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल' यातून कुणालाच काही कळत नाही.

जनसुरक्षा विधेयकाचंच (कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेलं) बघा ना. जुलै २०२४ मध्ये आलं, तेव्हा मंजूर झालं नाही, डिसेंबरमध्ये नागपूरला परत मांडलं, मग दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून सूचना मागवल्या त्या १२ हजारांवर आल्या, समितीने मसुद्यात बदल केले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. एवढं सगळं होऊनही माझ्या ओळखीतले दोघं, एक बाजूने एक विरोधात, पहिल्याच मसुद्यावरून भांडत होते. बदललेला दोघांनीही वाचला नव्हता, पण त्यांना तरी काय बोलणार, कुठला मसुदा कुठला हे बातमीत कुठे असतं?

आमदारांचं पण तेच. तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) यादीत प्रश्न कोणी विचारला त्याचं नाव असतं, लक्षवेधीवर, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, पण असतं, त्यामुळे आपला आमदार वर्षभरात कशाकशावर बोलला याचा अंदाज येतो. विधेयकाच्या बाजूने होता की विरोधात ते मात्र बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही, कारण आवाजी मतदानात 'होय'वाल्यांचा आवाज मोठा ठरला की काम झालं, नावं नोंदली जातात ती मतविभागणी, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं मोजणं, झाली तरच. म्हणून मतविभागणी होईल त्या दिवशी पायऱ्यांवरचा एक फोटो कमी करा पण ती नावं छापा.

अजून एक राहिलं. एका सभागृहात मंजूर झालं की लगेच 'कायदा झाला' असं हेडिंग देऊ नका, दुसरं सभागृह आणि राज्यपालांची संमती बाकी असते.

आपला,
एक नियमित वाचक