सीझन नवा, खेळ तोच

टिळकवाडी, बेळगाव

चि. पिंटू यास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शेवटच्या प्रोजेक्टला तुम्ही चौघं शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम करताय. पाच विरुद्ध पाच, प्रत्येक हिरोला वेगळी पॉवर, वर बॅटल पास, म्हणजे दर सीझनला पैसे भरून बक्षिसं उघडायची. ‘मार्केटमध्ये हेच चालतंय’ म्हणालास. चालतंय की. पण ते ज्यांचं चालतंय त्यांना सोडून लोकांनी तुमच्याकडे का यावं?

आपला नेट कॅफे होता तेव्हा पोरं मेल बघायला कमी, लॅनवर काउंटर-स्ट्राइक खेळायला जास्त यायची. त्यातला ‘डस्ट २’ मॅप लोड झाला की मराठी, कन्नड, उर्दू, सगळ्या शिव्या एकदम. हा गेम काही मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये ठरला नव्हता. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच फेरफार करून काढलेला अवतार, म्हणून तो केला, व्हॉल्व्ह कंपनीनं मागाहून घेतला. ‘टीम फोर्ट्रेस’ हा मूळचा ‘क्वेक’चा मॉड. २०१७ च्या पब्जीचंही मूळ तेच, ब्रेंडन ग्रीनचा ‘आर्मा २’वरचा मॉड. दुसऱ्याचा गेम उघडून खुडबुड करणाऱ्यांनी हे नवे नियम काढले. आमच्या कॅफेतली पोरंसुद्धा कन्सोल उघडून ग्रॅव्हिटी ८०० ची २०० करायची आणि निव्वळ चाकूवर खेळायची. आता बहुतेक ठिकाणी सर्व्हर कंपनीचा, फाइल्सना कुलूप. खुडबुड केलीस तर अकाउंट बॅन.

त्यात कमाई स्किन्सवर, म्हणजे बंदुकीच्या नाहीतर हिरोच्या नुसत्या रंगरूपावर आली. ‘टीम फोर्ट्रेस २’ २०११ मध्ये फुकट झाला, कमाई पात्रांच्या टोप्यांसारख्या वस्तूंवर. गिऱ्हाईकानं बंदुकीच्या रंगाला पैसे मोजलेत म्हटल्यावर त्या बंदुकीचा खेळच बदलायची हिंमत कोण करणार? म्हणून गणपतीच्या मंडपासारखं चाललंय, सांगाडा तोच, लाइटिंग दरवर्षी नवं.

तुमच्यासारखाच हिरो शूटर सोनीनं काढला होता, ‘कॉन्कॉर्ड’. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. वाईट नव्हता म्हणे. पण लोकांचे दोस्त आणि विकत घेतलेल्या स्किन्स आधीच ‘ओव्हरवॉच’ नाहीतर ‘व्हॅलोरंट’मध्ये. ते सगळं टाकून कोण येतो? सोनीची ही गत, तर तुमच्या चौघांचं काय घेऊन बसलास.

जुना नियम वाईटच असतो असं नाही हं. खानापूरचा तुझा मावसभाऊ रोज बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, खेळतो, त्याला नवं काही नकोच आहे, चार दोस्त ऑनलाइन आले की झालं. पण तू खेळणारा नाहीस, करणारा आहेस.

‘स्प्लॅटून’ बघ, २०१५ चा. जिंकायचं ते माणसं मारून नाही, जमीन रंगवून. आपल्याच रंगात बुडी मारली की वेगानं पळता येतं, शाईही भरते. एका नियमातून सगळा खेळ निघाला. ‘एपेक्स लेजंड्स’नं २०१९ मध्ये पिंग, म्हणजे न बोलता टीमला खूण करणं, इतकं नेमकं केलं की शत्रू, दारूगोळा, वाट, सगळं बटणानं दाखवता येतं. निपाणीचं मराठी पोर आणि गदगचं कन्नड पोर, माइक बंद ठेवून एका टीममध्ये खेळतील. आपल्या भागात वाढलेल्या पोराला हे आधी सुचायला पाहिजे होतं, असं मला उगाच वाटतं.

तेव्हा बॅटल पास काढ. हिरो दोनच ठेव, मॅप एकच. त्याऐवजी खेळणाऱ्याला नियम बदलायची खिडकी द्या, वेग, ग्रॅव्हिटी, जिंकायची अट. काहीतरी वेडंवाकडं तेच काढतील. कच्चा बिल्ड असला तरी पाठव, गल्लीतल्या पोरांना बसवतो.

आई कुंदा पाठवणार आहे. रूमवर किती जण आहात ते कळव.

तुझे,
बाबा